ओल्या पडद्यामागून

समीरने आईकडून घराची किल्ली घेतली तो दिवस मंगळवार होता. लीलाबाईंच्या ते पक्कं लक्षात होतं, कारण मंगळवारी खालच्या हॉकर सेंटरमधला, त्या खाण्याच्या ठेल्यांच्या मंडईतला, सोया दुधाचा ठेला बंद असतो, आणि त्या दिवशी त्या नुसतीच एक फेरी मारून परत निघाल्या होत्या. परत निघाल्या आणि शेजारच्या ब्लॉकमध्ये शिरल्या.

सिंगापूरच्या बुकित बातोकमधल्या त्या इमारती दिसायला सख्ख्या बहिणी. त्यात त्या महिन्यात रंगकाम चालू होतं, भिंतीवरचे मोठाले आकडे पुसले गेले होते. लिफ्ट तशीच, नववा मजला तसाच, उजवीकडे वळून तिसरं दार तसंच. लीलाबाईंनी किल्ली घातली, ती फिरेना. दोनदा खटपट केली. तेवढ्यात दार आतून उघडलं आणि फुलाफुलांचा पायजमा घातलेली एक चिनी बाई समोर उभी राहिली, त्यांच्याच वयाची. तिने किल्लीकडे बघितलं, लीलाबाईंच्या पातळाकडे बघितलं आणि ती हसतच सुटली. मग तिने त्यांना आत बसवलं, बिनदुधाचा चहा दिला आणि बटव्यातल्या कार्डावरचा नंबर बघून फोन लावला.

समीर ऑफिसातली मीटिंग सोडून आला. घरी आल्यावर पाणी प्यायला आणि हात पुढे करून म्हणाला, "आई, किल्ली थोडे दिवस माझ्याकडे राहू दे."

"थोडे म्हणजे किती?"

"डॉक्टरांना दाखवू, मग बघू."

लीलाबाईंनी किल्ली दिली. वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी मुलाशी किल्लीवरून काय भांडायचं. पण सकाळी सात वाजता एकटीने खाली उतरायचं, बाकावर बसून येणाऱ्याजाणाऱ्यांचे कपडे बघायचे, सोया दूध प्यायचं आणि नऊच्या आत वर यायचं, हा त्यांचा दिवसातला एकुलता एक स्वतःचा वेळ होता. बाकीचा दिवस घराचा होता. समीर इंजिनियर, तो संध्याकाळी येणार. सून अंजली बालवाडीत शिकवते, ती दुपारी येणार. नात शिवांगी तेरा वर्षांची, ती कधी येईल ते तिच्या शाळेला माहीत.

डॉक्टरबाईंनी घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. लीलाबाईंनी काढलं, अकरा वाजून दहा मिनिटं, आणि खाली लोलकही जोडून दिला. वयाच्या मानाने ठीक आहे, डॉक्टरबाई म्हणाल्या, पण लक्ष ठेवा. काही वेगळं वाटलं तर लिहून ठेवा.

समीरला तेवढंच पाहिजे होतं. त्याने फोनमध्ये यादी सुरू केली. पहिलं कलम, चुकीच्या दाराला किल्ली लावली. दुसरं, मिठाच्या बरणीत साखर. तिसरं, शिवांगीला अरुणा म्हणून हाक मारली. अरुणा म्हणजे त्याची थोरली बहीण, ती नागपूरला असते. आता आईंनी नातीला लेकीच्या नावाने हाक मारणं हा काय आजार झाला, असं अंजलीने विचारलं. तो म्हणाला, "मी फक्त नोंद ठेवतोय." आणि त्याच दमात त्याने सांगून टाकलं, की जवळच म्हाताऱ्या माणसांसाठी एक डे-केअर आहे, तिथे एक तारखेपासून जागा मिळतेय. सकाळी गाडी नेईल, संध्याकाळी आणून सोडेल. यादी वाढली तर आईला तिथे घालायचं.

"आणि नाही वाढली तर?" लीलाबाईंनी विचारलं.

"तर किल्ली परत."

सौदा स्पष्ट होता. त्या दिवसापासून लीलाबाई मिठाची बरणी वापरण्याआधी आत बोट घालून चव बघायला लागल्या.

*

निहारिका त्या घरात आली ती याच दिवसांत. पुण्याची मुलगी, इथल्या विद्यापीठात संशोधन करायला आलेली. भाडं परवडतं म्हणून वुडलँड्सला खोली घेऊन राहिली होती. बुद्धजयंतीच्या कार्यक्रमात तिची अंजलीशी ओळख झाली. दुसरं महायुद्ध संपल्यानंतरच्या दहा वर्षांत अमेरिकेचे सिनेमे, तिथल्या कपड्यांच्या फॅशनी, गाणी आणि बाटलीतली पेयं आशियातल्या लहान लहान गावांत कशी पोचली, हा तिचा विषय. त्यासाठी ती म्हाताऱ्या माणसांना गाठून त्यांचं बोलणं रेकॉर्ड करत असे. चिनी आजोबा झाले होते, मलय आजी झाल्या होत्या, तमिळ शिक्षक झाले होते.

"आमच्या आईंना विचार की," अंजली म्हणाली होती. "रेल्वेच्या क्लबात त्यांनी ढीगभर इंग्रजी सिनेमे बघितलेत."

समीरही हे अभिमानाने सांगायचा. ऑफिसातल्या लोकांनाही सांगून झालं होतं, की माझी आई लहानपणी हॉलिवूड बघत होती, तुम्ही काय मला सांगता.

शनिवारी दुपारी निहारिका आली, जयभीम करून खाली बसली, टीपॉयवर छोटं रेकॉर्डर ठेवलं आणि लीलाबाई बोलायला लागल्या. अंजलीने आपल्या सासूला इतकं बोलताना अठरा वर्षांत ऐकलं नव्हतं.

खानदेशातलं जंक्शनचं गाव. लीलाबाईंचे वडील, आप्पा, रेल्वेत खलाशी. शुक्रवारी मुंबईच्या गाडीने पत्र्याच्या गोल डब्यांतून रिळं यायची आणि रविवारी परत जायची. शनिवारी दिवेलागण झाली की क्लबाच्या मागच्या मैदानात दोन खांबांना पडदा ताणायचा. पडदा ताणायचं काम आप्पांकडे.

"आणि सिनेमे कुठले असायचे, आजी?"

"नावं नाही बाई माहीत. आम्ही आमची नावं ठेवायचो. पोहणाऱ्या बायकांचं चित्र. टोपी फेकून नाचणाऱ्याचं चित्र. फ्रॉक असे घेरदार, की एकीच्या फ्रॉकात आमच्या चाळीतल्या चार पोरींचे परकर निघाले असते. आणि स्वयंपाकघरात बर्फाचं कपाट. ते उघडलं की आतला दिवा लागायचा. आम्हाला सिनेमापेक्षा त्या दिव्याचं नवल. माझी आई म्हणायची, कपाटात दिवा लावतात, मग देव्हाऱ्यात काय लावत असतील."

निहारिका हसली. "सगळ्यात आवडलेलं कुठलं?"

"पियानोचं," लीलाबाई ताबडतोब म्हणाल्या.

एक ट्रकवाला असतो. डोंगरापलीकडच्या गावात शाळेच्या बाई असतात, त्यांचा पियानो त्याला पोचवायचा असतो. वाटेत पूल मोडलेला, पाऊस, चोर, सगळं होतं. तो एकेका अडचणीतून पियानो काढत नेतो आणि मुक्कामाच्या जागी बाईंना पत्र लिहितो. डावखुरा होता. डाव्या हाताने लिहायचा. गावात शिरतो तेव्हा चौकातल्या घड्याळात सव्वा नऊ वाजलेले असतात. सगळं गाव रस्त्यावर येतं.

"इंग्रजी कळायचं?"

"छे. आप्पा गोष्ट सांगायचे. त्यांनाही कुठे कळत होतं म्हणा. मनाने जुळवून सांगायचे. त्या शाळेच्या बाई म्हणजे ट्रकवाल्याची बहीण. लहानपणी ताटातूट झालेली."

"आणि शेवट?"

"शेवट मी नाही बघितला," लीलाबाई म्हणाल्या. "शेवट आला की नेमकं आप्पा आम्हाला बादली भरायला पाठवायचे. दर शनिवारी. कुठलंही चित्र असो."

अंजलीला आधी कळलं नाही, मग कळलं, आणि ती तोंडाला ओढणी लावून हसायला लागली. अमेरिकन चित्राच्या शेवटी नायक-नायिका काय करतात, ते आप्पांना इंग्रजी न येताही नीट माहीत होतं.

निहारिकाने मात्र वहीत लिहून विचारलं, "बादली कशाला?"

लीलाबाईंनी कप तिच्यापुढे सरकवला. "पाणी लागायचं," म्हणाल्या. "तू चहा घे, निवतोय."

*

बादली पडद्यासाठी लागायची. उन्हाळ्यात खानदेशात वारा असा सुटतो, की कोरडा पडदा शिडासारखा फुगतो आणि त्यावरची माणसं पोटुशी दिसायला लागतात. म्हणून तो भिजवायचा. ओला पडदा जड होतो, सपाट राहतो. आप्पा मागच्या बाजूला बादली आणि पत्र्याची पिचकारी घेऊन उभे असायचे आणि दर अर्ध्या तासाने पडदा भिजवत राहायचे. पडदा भिजला की दुसराही एक फायदा होत होता. चित्र कापडातून आरपार उतरायचं. पुढे वेताच्या खुर्च्यांवर साहेब लोक, त्यामागे बाकांवर पासवाले बाबू. खलाशांच्या पोरांना त्या बाजूला मज्जाव. पण मागे, मेंदीच्या कुंपणापाशी, आप्पांच्या बादलीजवळ, चाळीतली दहा-बारा पोरं मातीत मांडी घालून बसायची. लीला त्यांत सगळ्यात पुढे.

मग छप्पन साल उजाडलं. आप्पा सगळ्यांना घेऊन नागपूरला दीक्षेला गेले, परत आले आणि पुढच्याच शनिवारी क्लबात जाऊन त्यांनी बादली आणि पिचकारी जमा केली. घरी येऊन पोरांना समोर बसवलं. म्हणाले, "यापुढे बघायचं तर समोर बसून बघायचं. समोर जागा नसेल तर बघायचं नाही. आणि आजवर मागून बघितलं, हे कुणाला सांगत बसायचं नाही."

लीला तेव्हा चौदा वर्षांची. तिने तो शब्द पाळला. पुढे रेल्वेतल्या जगदीशशी लग्न झालं, त्या शिवणकामाच्या बाई झाल्या, दोन मुलं वाढवली. इंग्रजी सिनेमे बघायचो एवढंच सांगत राहिल्या. कुठे बसून, ते कुणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. जगदीशरावांनासुद्धा नाही, आणि ते जाऊन आता दहा वर्षं झाली होती.

*

तिसऱ्या शनिवारी निहारिका लॅपटॉप घेऊन आली. चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

"आजी, सापडलं. अमेरिकेतल्या एका संग्रहात आहे. पियानो, ट्रक, शाळेच्या बाई. दुसरं असूच शकत नाही."

समीरही येऊन बसला. आईचं चित्र म्हटल्यावर त्याला राहवेना. निहारिकाने चित्र सुरू केलं. काळी-पांढरी धूळ उडाली, ट्रक आला, आणि लीलाबाई पुढे झुकल्या. त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते बघून अंजलीने हातातली वाटी खाली ठेवली.

पण दोनच मिनिटांत लीलाबाई मागे सरकल्या.

"हे ते नव्हे."

"का हो, आजी?"

"तोंडवळा तोच आहे. पण आमचा ट्रकवाला उजव्या बाजूला बसायचा. आपल्याकडच्या लॉरीसारखा. हा डावीकडे बसलाय."

"अमेरिकेत डावीकडेच बसतात, आई," समीर म्हणाला. "तिकडे कुणी उजवीकडे बसतच नाही."

निहारिकाने चित्र पुढे नेलं. ट्रकवाल्याने पत्र लिहायला घेतलं. उजव्या हाताने. आणखी पुढे, गाव आलं, चौक आला, घड्याळ आलं. घड्याळात पावणेतीन वाजले होते.

"सव्वा नऊ पाहिजेत," लीलाबाई म्हणाल्या. आवाज उतरला होता, पण हटत नव्हत्या. "मला लख्ख आठवतंय. चित्र त्यांनी बदललं असेल."

निहारिकाने हळूच लॅपटॉप मिटला. म्हणाली, असं होतं आजी, सत्तर वर्षं म्हणजे थोडी नाहीत. मग अंजलीपाशी दारात चपला घालता घालता हळू आवाजात म्हणाली, "गाईडना सांगावं लागेल. तीन गोष्टी चुकल्या तर ते ही मुलाखत धरणार नाहीत. मला फार वाईट वाटतंय, ताई."

समीरने फोन काढला होता. लीलाबाईंनी बघितलं. त्याचा अंगठा पडद्यावरून चालत होता. एक, दोन, तीन. यादी तीन कलमांनी वाढली. महिना संपायला नऊ दिवस होते.

*

बुधवारी आभाळ भरून आलं म्हणून अंजलीने धुतलेलं आतच वाळत घातलं. स्वयंपाकघरामागच्या खिडकीशी दांडी आहे, तिच्यावर शिवांगीची आगगाडीची चादर पसरली आणि ती बालवाडीत निघून गेली. चादर जुनी, धुऊन धुऊन विरलेली. शिवांगी म्हणते फेकू नका, आणि पलंगावर मात्र मैत्रिणी येणार असल्या की दुसरीच घालते.

लीलाबाई मटार सोलत बसल्या होत्या. बाहेर जरा ऊन पडलं आणि खिडकीतून चादरीवर आलं. ओल्या कापडातून सगळी नक्षी आतल्या बाजूला उतरली. इंजिन, तीन डबे, धुराची वेटोळी.

लीलाबाई बघत राहिल्या. ही गाडी पलंगावर असते तेव्हा खिडकीकडे, डावीकडे तोंड करून जाते. शिवांगी लहान असताना लीलाबाई भेटीला आल्या की तिला तीच गाडी दाखवून झोपवायच्या, "चालली बघ खिडकीतून बाहेर" म्हणत. आता इंजिनाचं तोंड उजवीकडे होतं.

त्या उठल्या. मटार मांडीवरून घरंगळले. चादर आणि खिडकी यांच्यामधल्या वीतभर जागेत अंग चोरून शिरल्या आणि पलीकडून बघितलं. गाडी डावीकडे चालली होती. पुन्हा अलीकडे आल्या. उजवीकडे.

खुर्चीवर बसून त्यांनी डोळे मिटले आणि चौकातलं घड्याळ आठवलं. मग मटाराची दोन टरफलं घेऊन ओट्यावर काटे मांडले, पावणेतीन. ते काटे मनातल्या मनात पालटले. सव्वा नऊ.

घरात कुणी नव्हतं. लीलाबाई एकट्याच हसल्या. त्र्याऐंशी वर्षांत हे एकदाही डोक्यात आलं नव्हतं. शिवणकाम शिकवताना बायकांना हजारदा सांगितलं असेल, कापड उलटं धरलं की डावी बाही उजवी होते म्हणून.

आणि मग त्यांना तो कोट आठवला. लग्न झाल्या झाल्या त्यांनी जगदीशरावांना साहेबी कोट शिवला होता. तेव्हा त्या शिवण शिकलेल्या नव्हत्या, सिनेमातल्या पुरुषांचे कोट आठवून आठवून शिवला. सगळं साधलं, फक्त बटणं बायकी बाजूला लागली. ऑफिसात दोस्तांनी विचारलं, वहिनींचा कोट घालून आलास का. जगदीशरावांनी तो अकरा वर्षं वापरला. घरातली ती जुनी थट्टा होती. अजून समीर कुणी नवा माणूस भेटला की सांगायचा.

थट्टा नव्हती तर ती. कोट बरोबर होता. बघितला तसाच शिवला होता.

हसू ओसरल्यावर आप्पा आठवले. कुणाला सांगत बसायचं नाही. त्या शब्दाला सत्तर वर्षं होत आली होती. सांगितलं तर किल्ली परत मिळेल. पण समीरने जगभर सांगून ठेवलंय, माझी आई क्लबात सिनेमे बघायची. आता त्याला सांगायचं, की क्लबात नाही रे बाळा, क्लबाच्या कुंपणाशी, मातीत.

लीलाबाईंनी मटार गोळा केले, धुतले, शिजायला ठेवले. दिवसभर त्या आप्पांशी बोलत होत्या. शेवटी त्यांना असं वाटलं, की आप्पांनी ते का सांगितलं होतं? आपल्या पोरांना कुणी कमी लेखू नये म्हणून. आणि आता न सांगितल्यामुळेच आपल्याला कमी लेखताहेत. तर मग आप्पांचा शब्द पाळायचा म्हणजे सांगायचंच.

*

शनिवारी त्यांनी निहारिकाला स्वतः फोन करून बोलावलं. "तुझं ते यंत्र घेऊन ये. आणि सिनेमाही आण." समीरला म्हणाल्या, "तूही बस. फोन बाजूला ठेव."

निहारिकाने रेकॉर्डर ठेवलं. लीलाबाईंनी ते बोटाने जरा दूर सरकवलं, मग विचार बदलून परत जवळ ओढलं.

"परवा तू विचारलंस ना, बादली कशाला. पडदा भिजवायला. माझे वडील पडदा भिजवायचे. ते मागच्या बाजूला असायचे आणि आम्ही पोरं त्यांच्याजवळ बसायचो. पुढे बसायची आम्हाला परवानगी नव्हती. मी जेवढी चित्रं बघितली तेवढी पडद्याच्या मागून बघितली. एकही समोरून नाही."

निहारिकाच्या ते सगळ्यांत आधी लक्षात आलं. तिने हातातलं पेन खाली ठेवलं.

"मागून," ती म्हणाली. "म्हणजे डावं ते उजवं."

"आणि पावणेतीन ते सव्वा नऊ," लीलाबाई म्हणाल्या. "समीर, तू इंजिनियर आहेस. काढून बघ."

समीरने काढलं नाही. तो आईकडे बघत होता.

"आई, तू कधी बोलली नाहीस."

"कुठे बसायचीस, असं तू कधी विचारलं नाहीस."

"मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो..."

"मग आता पुरतं सांग. बापाच्या बादलीजवळ बसून बघितले म्हणावं. आणि तुझ्या बाबांच्या कोटाची गोष्ट सांगशील ना, तर ती पण नीट सांगायची. बटणं चुकली नव्हती."

समीरला कोटाचं कळायला अर्धं मिनिट लागलं. मग त्याने दोन्ही हातांनी चेहरा चोळला, आणि अंजलीला कळेना हा हसतोय की काय करतोय.

"यादी काढ," लीलाबाई म्हणाल्या.

त्याने काढली. ट्रकवाल्याची बाजू, गेली. डावा हात, गेला. घड्याळ, गेलं. मिठात साखर, तिथे अंजली म्हणाली, "ती मी भरली होती, त्या दिवशी मला उशीर झाला होता. मी सांगितलं तर कुणी माझी यादी करायला नको म्हणून गप्प बसले." शिवांगी आतून इथल्या पोरांच्या बोलीत ओरडली, की आजी मला अरुणा म्हणते ते मला चालतं, सो डिलीट ला. राहिलं पहिलं कलम.

"ते दार," समीर म्हणाला.

"ते चुकलंच," लीलाबाई म्हणाल्या. "ते राहू दे."

"राहू दे काय," अंजली म्हणाली. "इथे आल्या आल्या तू नाही का त्याच ब्लॉकमध्ये गेला होतास? त्या वेळी रंगकामही नव्हतं. वरून त्या माणसाला विचारलंस, तुम्ही माझ्या घरात काय करताय."

"मी तेव्हा नवीन होतो."

"मी पण तशी नवीनच आहे," लीलाबाई म्हणाल्या. "चारच वर्षं झाली."

समीर उठला, आतून किल्ली आणली आणि दारामागच्या खुंटीला लावली.

निहारिकाने विचारलं, "आजी, चित्र उलटं करून लावू? एका मिनिटात होतं."

शिवांगीने बाहेर येऊन ते केलं, "टू मिनिट्स ओन्ली" म्हणत. ट्रक आला. चालवणारा उजवीकडे. डाव्या हाताने त्याने पत्र लिहिलं. पूल मोडला, पाऊस आला. गावातलं घड्याळ आलं तेव्हा लीलाबाईंनी नुसतं बोट दाखवलं. सव्वा नऊ. निहारिकाने बघितलं तर समीर ओठ घट्ट मिटून बसला होता.

"आता इथून पुढे सरळ लाव," लीलाबाई म्हणाल्या.

"का, आजी? असंच तर बघितलंत तुम्ही."

"बघायचं तर समोर बसून, असं आप्पा म्हणाले होते. इथून पुढचं मी बघितलेलंच नाही. ते मी सरळच बघणार."

त्यांनी खुर्ची ओढून अगदी पुढे घेतली, पदर सारखा केला आणि साहेब लोक बसायचे तशा पाठ टेकून बसल्या. पियानो उतरला. शाळेच्या बाई घराबाहेर आल्या. ट्रकवाल्याने टोपी काढली आणि तो दोन पावलं पुढे गेला.

"आजी, ही बहीण नाही हां," निहारिका घाईने म्हणाली.

"दिसतंय मला," लीलाबाई म्हणाल्या.

शिवांगीने उशी तोंडावर घेतली. समीरला अचानक पाण्याची तहान लागली आणि तो उठायला लागला.

"बस तू," आई म्हणाली. "बादली भरलेली आहे."

*

सोमवारी सकाळी सात वाजता लीलाबाईंनी खुंटीवरची किल्ली घेतली. खाली उतरल्या, बाकावर बसल्या, शाळेच्या पोरींचे आखूड झगे बघून त्यांच्या शिवणीला मनातल्या मनात नावं ठेवली, सोया दूध प्यायल्या. एक ग्लास जास्तीचा बांधून घेतला. मग शेजारच्या ब्लॉकमध्ये शिरल्या, नवव्या मजल्यावर गेल्या, उजवीकडे वळून तिसऱ्या दारापाशी थांबल्या. या वेळी किल्ली बटव्यातच ठेवली आणि घंटी वाजवली.

साडेनऊला समीरचा फोन आला. चार वेळा वाजल्यावर उचलला गेला.

"आई, कुठे आहेस?"

मागून कुणीतरी चिनी बाई खळखळून हसत होती आणि कपबशा वाजत होत्या.

"चुकीच्या दारात," लीलाबाई म्हणाल्या. "घंटी वाजवून आलेय. तू काम कर."